मोकाट गुरांचा ठराव

म्हाताऱ्या वाळूच्या पांढऱ्या पाडीने कोंडूची भेंडी खाल्ली आणि उंबरशेतात कायदा आला.

तशी ती कालवड काही चोर नव्हती. भात कापून, झोडून घरात आलं की डोळखांबच्या या डोंगरपट्ट्यात गुरांची दावी सोडायची ती थेट पाऊस लागेपर्यंत, ही जुनी रीत. गुरं सकाळी आपली आपण जायची, संध्याकाळी आपली आपण यायची, आणि एखादं नाही आलं तर दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी गोठ्यात सापडायचं. आजे-पणजे असंच करत आले. पण आजे-पणजांच्या काळी भातानंतर शेतात ढेकळांशिवाय दुसरं काही नसायचं. आता कोंडूने ओढ्यावर इंजिन बसवून अर्धा एकर भेंडी लावली होती, पहिला तोडा दोन दिवसांवर आला होता, आणि ही बातमी वाळूच्या पाडीला कुणी कळवली नव्हती. तिने पाच ओळी शेंड्यापासून बुडख्यापर्यंत स्वच्छ केल्या आणि सहाव्या ओळीत पोट भरलं म्हणून तिथेच बसून रवंथ करू लागली.

ती बसली होती, याचाच कोंडूला जास्त राग आला. खाऊन पळाली असती तर निदान गुन्हा केल्यासारखं तरी दिसलं असतं.

तो तरातरा घरी आला. चुलीपाशी भाकरी थापत बसलेली देवकी म्हणजे त्याची बायको, आणि उंबरशेतची सरपंच. पद बाईसाठी राखीव झालं तेव्हा कोंडूची समजूत अशी होती की सही तिची आणि कारभार आपला. पहिल्याच बैठकीला तो टेबलापलीकडे खुर्ची ओढून बसला, तेव्हा देवकीने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "तुमचं काय काम व्हतं?" तेव्हापासून कोंडू पंचायतीत कामाशिवाय जात नसे आणि घरात त्या विषयावर बोलत नसे.

आज मात्र बोलला. "सरपंच हायेस ना? मंग कायदा कर! गुरू मोकाट दिसलं की कोंडवाड्यात! दंड!"

"अर्ज द्या," देवकी म्हणाली आणि भाकरी उलटली.

त्याने खरंच अर्ज दिला. पंचावन्न वर्षांच्या माणसाने स्वतःच्या बायकोला 'मा. सरपंच यांस' असं लिहून, खाली अंगठ्याएवढी सही करून अर्ज दिला, आणि तो तिने दुपारी पंचायतीत जाऊन आवक वहीत नोंदवून घेतला. गावात भेंडी लावणारी आणखी सहा घरं होती. त्यांचेही अर्ज आले.

ग्रामसभा मारुतीच्या देवळापुढे भरली. खालच्या गावठाणातले भेंडीवाले एका बाजूला, वरच्या पाड्यावरचे गुरंवाले दुसऱ्या बाजूला, आणि मधे देवकी. वरच्या पाड्यावर शेती कमी, उतारावरची, नाचणी-वरईची. पण गुरं घरटी चार-पाच. वाळू त्यांच्यातला जुना माणूस. तो उठला आणि म्हणाला, "देवकी वयनी, पाडीनं खाल्लं, चूक झाली. पर तिला काय ठावं, कोंडूदादाची भेंडी कुठली आन् देवाचं रान कुठलं?"

"म्हणूनच तिच्यासंगं माणूस पायजे!" कोंडू ओरडला.

बराच वेळ गोंधळ झाला. शेवटी सगळ्यांना पटेल असं ठरलं: गुरं सोडायला बंदी नाही, पण गुरासोबत राखणदार हवा. राखणदाराविना दिसलेलं गुरू कोंडवाड्यात जाईल आणि मालकाला दंड बसेल. वाळूसुद्धा मान डोलावून खाली बसला. देवकीला आपल्या शहाणपणाचं मनातून कौतुक वाटलं. साप मेला आणि काठीही मोडली नाही, असं तिला वाटलं.

ग्रामसेवक संदेश ठराव लिहीत होता. वाशिंदचा पोरगा, मोटारसायकलवरून यायचा, तीन गावं त्याच्याकडे. सगळे त्याला रिवाजाप्रमाणे भाऊसाहेब म्हणत, जरी त्याच्या मिशा अजून धड फुटल्या नव्हत्या. तालुक्याहून ठरावाचा नवा नमुना आला होता, त्यात शेवटी एक रकाना वाढलेला. संदेशने तो वाचलासुद्धा नाही, सवयीने त्यात एक शब्द लिहिला आणि कागद सहीसाठी पुढे केला.

देवकी तिसरीपर्यंत शिकलेली. अक्षर लावून लावून वाचायची, पण वाचल्याशिवाय सही करायची नाही. तिने बोट ठेवून वाचलं. "ठरावाचा बालकांवर होणारा परिणाम... निरंक. भाऊसाहेब, निरंक म्हंजी?"

"म्हणजे काही नाही, ताई."

"मंग काय नाय असं लिवा ना."

"सरकारी कागदात काही नसलं तरी ते निरंक असावं लागतं," संदेश म्हणाला. "गुरांचा ठराव आहे, ताई. बालकांचा काय संबंध?"

देवकीला पटलं. तिने सही केली.

पुढच्या आठवड्यात तिला शहापूरला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचं बोलावणं आलं. विषय होता 'बालस्नेही गाव'. चांगलं जेवण होतं, पंखे होते, आणि एक मॅडम पडद्यावर हसऱ्या मुलांची चित्रं दाखवत सांगत होत्या की कुठलाही निर्णय घेताना आधी विचारायचं, याने मुलांचं काय होईल. देवकीने वहीत लिहून घेतलं. इतर सरपंचांबरोबर टाळ्या वाजवल्या. निघताना प्रत्येकाला एक कापडी पिशवी, एक पेन आणि छातीला लावायचा बिल्ला मिळाला, त्यावर एक मूल पाटी घेऊन हसत होतं. बिल्ला लावूनच ती जीपमधून उंबरशेतच्या फाट्यावर उतरली.

फाट्यावर नम्रता बाई उभ्या होत्या. गावच्या शाळेत चार वर्ग आणि बाई एकच, त्या ह्या. घरी जायची जीप सोडून त्या देवकीसाठी थांबल्या होत्या, यावरूनच काहीतरी बिनसलंय हे कळत होतं.

"सरपंचताई, पटावर अठ्ठावीस मुलं आहेत. आज किती आली सांगा."

"किती?"

"पाच. त्यातली दोघं खिचडी खाऊन गेली."

"आजारपन हाय का काय गावात?"

बाईंनी तिच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे पाहिलं. "तुमचा ठराव आहे ना गावात," त्या म्हणाल्या आणि पाठोपाठच्या जीपमध्ये चढल्या.

देवकीला काहीच उमगेना. ती घरी न जाता तशीच शाळेमागच्या माळावर चढली. वर पोचली आणि जागीच थांबली. माळभर गुरं पसरली होती आणि गुरांच्या मधोमध क्रिकेट रंगलं होतं. तीन धोंड्यांचे स्टंप, पळसाच्या फांदीची बॅट. अंगावर शाळेचेच कपडे, कारण दुसरे चांगले कपडे कुणाला होते? एकाने तिला पाहिलं आणि बोंब मारली, "सरपंच आजी आली!"

सगळी पोरं तिच्याकडे धावली. तिला वाटलं आता पळतील, लपतील. ती तिच्याभोवती नाचायला लागली.

"सरपंच आजी की जय!"

"आजी, लय भारी कायदा केला गो तू!"

"शाळाच नाय! बापूस म्हनला, सरपंचानंच सांगलंय, गुरासंगं माणूस पायजे!"

म्हणजे झालं होतं असं. ठरावात राखणदार म्हटलं होतं. प्रत्येक घराने विचार केला, बाप मजुरीला जातो, आई भेंडी तोडायला जाते, म्हातारीला दिसत नाही. घरात रिकामं कोण? पोर. कुणी वाईट हेतूने केलं नव्हतं. पाणी उताराकडे जातं तसा हा कायदा आपोआप घरातल्या सगळ्यात लहान माणसाकडे गेला होता.

गर्दीत मागे एक ओळखीची वेणी हलली. देवकीने हाक मारली, "कुणाली!"

कुणाली तिची नात, चौथीतली. हातात घरच्या गाईचं दावं होतं. "आजा म्हनला," तिने लगेच जबाबदारी वर ढकलली, "दोनच दिवस. आजी शापूरवरनं येईपरत."

देवकीच्या छातीवरचा बिल्ला तिला एकदम जड लागला. तिने तो काढून पिशवीत टाकला.

सगळी पोरं नाचत होती, पण एक नव्हती नाचत. वरच्या पाड्यावरची गिरजा. तिसरीतली. वाळू तिचा आजा, म्हणजे त्या प्रसिद्ध पांढऱ्या पाडीची राखणदार आता ही. ती एका धोंड्यावर पाठ करून बसली होती आणि फाटक्या पुस्तकातून पाडीला मोठ्याने धडा वाचून दाखवत होती. पाडी गवत खात होती.

"तुला नाय ग खेलायचं?" देवकीने विचारलं.

"मला शालेत जायचंय," गिरजा म्हणाली. "हिला काय इचारलं तं ही सांगतच नाय."

देवकी माळ उतरली ती तरातरा घरी आली, आणि कोंडूच्या पुढ्यात उभी राहिली.

"कुणालीला गुरामागं धाडली?"

"कायदा हाय," कोंडू शांतपणे म्हणाला. "सरपंचाच्या घरचं गुरू मोकाट दिसलं तं लोक काय म्हनतील? तुझीच अब्रू राखली मी."

नवरा तिला तिच्याच सहीने गप्प करत होता. ती परसात जाऊन उगाच भांडी घासत बसली, घासलेलीच.

दुसऱ्या दिवशी तिने संदेशला फोन लावून बोलावलं. "भाऊसाहेब, तो निरंक खोडा. ठराव परत सभेपुढं घ्यायचाय."

संदेशने डोकं खाजवलं. गाव चुकलं तर चालतं, कागद चुकला तर चालत नाही. "खोडता नाही येणार, ताई. पण नमुन्यामागे सूचना आहेत," आणि त्याने पहिल्यांदाच त्या वाचल्या. "हां, इथे आहे. सभेआधी मुलांची बालसभा घ्यायची, त्यांचं मत नोंदवायचं. मुलांनीच सांगितलं की नको, मग कोण बोलणार?"

देवकीला हुरूप आला. मुलांसाठी मुलांचंच मत, हे प्रशिक्षणातल्या मॅडमनीही सांगितलं होतं. नम्रता बाईंनी पाड्यापाड्यावर फिरून अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पोरं शाळेच्या ओसरीवर गोळा केली. संदेश वही घेऊन बसला. देवकीने लाडाने विचारलं, "पोरांनो, खरंखरं सांगायचं. गुरं राखायचा कायदा पायजे का नको?"

"पायजे!" ओसरी दणाणली.

नम्रता बाईंनी कपाळाला हात लावला. पोरं आता भरात आली होती. एकाने उठून सुचवलं की कायदा पावसाळ्यातही ठेवावा. दुसऱ्याने अनुमोदन दिलं. कुणालीने तर शेळ्यांनाही लागू करा म्हणून सांगितलं, म्हणजे ज्यांच्याकडे गाय नाही त्या पोरांवर अन्याय होणार नाही. संदेश इमानाने लिहीत होता. सत्तावीस हात वर. एक खाली, गिरजाचा.

"बालसभेत ठराव बहुमताने मंजूर," संदेशने पुटपुटत लिहिलं आणि देवकीकडे बघायचं टाळलं.

तो कागद ग्रामसभेआधीच कोंडूच्या हाती लागला. कसा लागला ते विचारू नका, लहान गावात कागदाला पाय असतात. रविवारी मारुतीपुढे सभा भरली तेव्हा कोंडू तो फडकावत उभा होता.

"पोरांचं भलं, पोरांचं भलं म्हनतात," तो म्हणाला, "हे बघा, पोरं सोता म्हनतात आमाला कायदा पायजे. सत्तावीस इरुद्ध एक! लोकशाही हाय का नाय?"

भेंडीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. पाड्यावरच्यांनीही वाजवल्या, कारण पोर गुरामागे गेलं की बापाची मजुरी बुडत नव्हती. दोन्ही बाजू प्रथमच एक झाल्या होत्या. आणि देवकीच्या लक्षात आलं की आता ही सभा उठली तर हे असंच राहणार. या वर्षी, पुढच्या वर्षी, आणि गिरजाचं पुस्तक पाडीच ऐकत राहणार.

ती उभी राहिली. भाषण तिला येत नसे. ती घरात बोलते तशीच बोलायला लागली.

"मी तिसरीत व्हते. बापानं म्हसा गावच्या जत्रेतनं म्हैस आणली. मला म्हनला, दोन दिस सांभाल, मंग राखणदार बघू. मी नाचले. आयशपथ सांगते, मी या पोरांपरीस जास्त नाचले. माझा हात वर करायला सांगला असता तं मी दोन्ही केले असते."

लोक हसले. देवकीही हसली.

"धा दिसांनी म्हैस घेऊन शालेच्या खिडकीपाशी गेले. मैत्रिणी बसल्या व्हत्या. गुरुजी फळ्यावर काय लिवत व्हते ते मला कलंना. सगळ्यांना कलत व्हतं, मलाच कलंना. लाज वाटली. परत खिडकीत गेले नाय. म्हैस मेली, बापूस गेला, माझं लगीन झालं, नात झाली. ते दोन दिस अजून सरले नायत."

देवकीने पदराने नाक पुसलं.

"पोरगं गूळ मागतं म्हून आपन त्याला ढेपेवर बसवतो का? पोरांनी हात वर केला, त्यांचं बराबर हाय, ती पोरं हायेत. आपन तं मोठी हाय ना?"

मग वाळू उठला. "वयनी, समदं खरं. पर माझा पोरगा गुरामागं गेला तं हजेरी बुडते. रोजची. मंग खायचं काय?"

हा प्रश्न खरा होता. तेवढ्यात खालून, शाळेच्या अंगाने, इंजिनावर बसवलेला कोंडूचा गडी पळत आला. धापा टाकत म्हणाला, "दादा, भेंडीत गुरं!"

"कुणाची?" कोंडू ताडकन उठला.

"समद्यांचीच. पोरांची म्याच चाललीय."

कोंडू दोन पावलं गेला आणि थांबला. "आपलीपन गाय हाय का रे?"

"तीच फुडं हाय."

सभेत असा हशा उसळला की देवळातली कबुतरं उडाली. कोंडू मात्र हसला नाही. तो भेंडीकडे धावला. अर्ध्या तासाने परत आला तेव्हा त्याच्या धोतराला चिखल होता आणि हातात कुणालीचं बखोट. तो आपल्या जागेवर न बसता वाळूशेजारी जाऊन बसला.

वाळू त्याच्या कानाशी बोलला, पण वाळूचं कानाशी बोलणंही सगळ्या गावाला ऐकू जायचं. "दादा, भेंडी तुमची राखायची, आन् शाला आमच्या पोरांनी बुडवायची, हे कसं?"

कोंडूने खाली बघत मातीत रेघ ओढली. मग म्हणाला, "समद्या गावची गुरं एकठाव केली तं? माणूस एकच लागंल. मोठा माणूस. आज एका घरचा, उद्या दुसऱ्या घरचा. म्हैन्यातनं एक हजेरी बुडंल."

"आन् भेंडीवाल्यांचं घर?" वाळूने विचारलं. "ज्यांच्याकडं गुरू नाय?"

कोंडूने एक क्षण भेंडीवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी मानेने नाही, नाही केलं. "त्यांचंबी," कोंडू म्हणाला. "कायदा आमच्यासाठीच हाय ना."

देवकीला त्या क्षणी नवऱ्याच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली. सरपंच होती म्हणून मारली नाही.

मग पाळ्या ठरवायची वेळ आली आणि उंबरशेतचे गडी एकापाठोपाठ एक आजारी पडू लागले. एकाचे गुडघे गेले होते. एकाला डॉक्टरने उन्हात जायला मनाई केली होती, जरी तो डॉक्टर कोण ते त्याला आठवेना. एकाने सांगितलं की त्याला गुरांची भीती वाटते, आणि त्याच्या दारात सहा गुरं होती. संदेशने सगळ्या कारणांची यादी केली आणि विचारलं, "ताई, यातली कुठली मंजूर?"

"एकबी नाय," देवकी म्हणाली. "पयली पाळी सरपंचाची. आता कोणाचे गुडघे दुखतात ते बघते."

गुडघे दुखायचे थांबले. ठराव मंजूर झाला: शाळेच्या वेळेत अठराच्या आतल्या पोरानं गुरं राखायची नाहीत, एकतीस घरांनी मोठा माणूस पाळीने द्यायचा. शेवटच्या रकान्यापाशी संदेश थबकला. देवकीने त्याला सांगितलं, "लिवा, ह्याच्यानं पोरं शालेत जातील आन् सरपंचावर रागवतील." संदेशने ते शब्दशः लिहिलं. तालुक्याला ते कुणी वाचलं की नाही ते माहीत नाही.

पोरं मात्र खरंच रागावली. सोमवारी सकाळी देवकी काठी घेऊन गावची त्रेपन्न गुरं हाकत शाळेवरून निघाली, तेव्हा चारही वर्गांची तोंडं खिडकीत होती. आठवड्यापूर्वी जय म्हणणाऱ्यांपैकी एकानेही जय म्हटलं नाही. कुणाली तर तिच्याकडे पाहून मान फिरवून बसली. एका पोराने तिला ऐकू जाईल असं म्हटलं, "परत निवडूनच देनार नाय हिला." त्याला मत द्यायला अजून दहा वर्षं होती, तरी देवकीला जरा धस्स झालं.

माळावर ऊन चढलं. गुरं शांत चरत होती. राखणं ती विसरली नव्हती, हात आपोआप काठीवर जात होता आणि तोंडातून आपोआप हाळी निघत होती. चाळीस वर्षांनी तीच हाळी. तिला हसू आलं आणि रडूही आलं, आणि बघायला कुणी नाही म्हणून तिने दोन्ही केलं.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. थोड्या वेळाने माळाच्या चढावर एक लहान डोकं दिसलं. गिरजा. हातात खिचडीचं ताट घेऊन ती जपून चढत होती.

"बाईंनी दिली. राखणदाराला भूक लागंल म्हून," तिने सांगितलं आणि ताट देवकीपुढे ठेवलं.

देवकीने दोन घास खाल्ले. "आज काय शिकवलं बाईंनी?"

"भागाकार."

देवकीचा घास हातातच राहिला. "त्यो कसा करतात ग?" तिने विचारलं, सहज विचारल्यासारखं. "आमच्या टायमाला तिथवर पोचलेच नाय मी."

गिरजाने तिच्याकडे नीट पाहिलं, पुढे बसली, आणि तळहाताने माती सपाट केली. "सोप्पाय. पाऊस लागायला किती दिस हायेत? बाई बोलल्या, एकशे पासष्ट. घरं किती? एकतीस. मंग एका घराला किती पाल्या?" तिने काडीने आकडे मांडले, कंस ओढला. "एकतीस एके एकतीस, एकतीस दुने बासष्ट... तुमी म्हना माझ्यासंगं."

देवकी म्हणाली. एकतीस त्रिक त्र्याण्णव. एकतीस चोक अडखळली, गिरजाने थांबून वाट पाहिली, रागावली नाही. एकतीस पंचे एकशे पंचावन्न. सक एकशे शहाऐंशी, म्हणजे जास्त झाले, म्हणजे पाचच.

"पाच," देवकी म्हणाली. "परतेक घराला पाच पाल्या."

"आन् बाकी?"

देवकीने बोटांवर मोजलं. "धा."

"धा दिस उरले. ते कोणाला द्यायचे?" गिरजाने विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "तुमालाच. तुमी सरपंच हायेत."

घंटा झाली. गिरजा रिकामं ताट घेऊन उतारावरून धावत सुटली, वेणी उडवत. ती शाळेच्या दारात शिरेपर्यंत देवकी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने मातीवरून हात फिरवला, सगळं पुसलं, आणि काडी उचलली. एकशे पासष्ट. कंस. एकतीस. ओठ हलवत, कुणाला न विचारता, तिने सगळं पुन्हा मांडलं. पाच आले. बाकी दहा आली.

तिने मान वर केली. माळ मोकळा होता. त्रेपन्नातलं एकही गुरू दिसत नव्हतं, आणि खाली भेंडीच्या अंगाला घुंगरं वाजत होती. कोंडू कुणाच्या तरी नावाने ओरडत होता. बहुधा तिच्याच.

देवकी उठायला लागली आणि पुन्हा बसली. एकदा बरोबर आलं म्हणजे आलंच असं नाही, एवढं तिला कळत होतं. तिने माती परत सपाट केली आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं.